बेघर निवारा निधी, नाशिक

शहरात उघड्यावर राहणाऱ्यांसाठी निवारा केंद्रे उभारण्याचा व चालवण्याचा सरकारी खर्च. नाशिकमध्ये त्याचा संबंध मुख्यतः गोदावरीकाठचे रामकुंड व गोदाघाट, मध्यवर्ती बसस्थानक आणि नाशिकरोड रेल्वे स्थानक इथे निजणाऱ्यांशी येतो.

त्याचे निकष २०१३ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२४ मध्ये मुदत संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घालून दिले. केंद्र व राज्याचा वाटा आधी ७५:२५ होता, पुढे ६०:४० झाला. जागा महापालिकेने द्यायची. दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय हवी होती. २०११ च्या जनगणनेत शहर १४.८६ लाखांचे होते, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानेही जवळपास दीड हजार जागा झाल्या. माणशी ५० चौरस फूट धरले, तर ५० जणांच्या केंद्राला अडीच हजार चौरस फूट लागतात.

बांधकामाचा पैसा एकदाच लागतो. घोडे अडते ते चालवण्यात. पन्नास जणांच्या केंद्राला त्यासाठी अभियानातून वर्षाला ६ लाख रुपये मिळत, तेही पाचच वर्षे. महिन्याला ५० हजार, माणशी दिवसाला ३३ रुपयेही नाहीत. त्यातून तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक, व्यवस्थापक, वीज, साफसफाई आणि चादरींची धुलाई भागवायची. आधीचा पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र रखडले की पुढचा हप्ता थांबतो, आणि मग पहिली काटछाट रात्रपाळीच्या माणसावर येते. बेघर येतात मात्र रात्रीच.

खाटा रिकाम्या राहिल्या, तर लोकांनाच यायचे नाही असा निष्कर्ष घाईने निघतो. घाटावर अन्नदान मिळते, मजूर नाका सकाळी लवकर भरतो. दूरच्या केंद्रातून दोन्ही हुकतात. नवरा-बायकोला वेगळ्या दालनांत पाठवले किंवा बोचके ठेवायला कुलपाची पेटी नसली, की माणूस घाटाच्या पायरीवर परततो. शिवाय १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली धरपकड होते, त्यामुळे पालिकेची गाडी दिसताच काहीजण पांगतात.

गंगापूर धरणातून विसर्ग वाढून पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला लागले की घाट रिकामा करावा लागतो. तेव्हाचे स्थलांतर हे आपत्ती निवारणाचे काम. त्या दिवसांच्या गर्दीवरून केंद्राची क्षमता ठरवू नये.

निवाऱ्यातून भाड्याच्या खोलीत जाण्याची मधली पायरी सर्वांत कच्ची आहे. २०२० ची परवडणारी भाडेघरे योजना भाडे भरू शकणाऱ्यांसाठी आहे. रोजंदारीवरच्या माणसाला खोलीसाठी आधी अनामत रक्कम उभी करावी लागते, आणि निवाऱ्याच्या निधीत तिला लेखाशीर्षच, म्हणजे खर्चाचे खातेच, नाही.