थंडीची शेवटची रात्र आणि परसबागेचे वेळापत्रक

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटासारख्या राज्यात भाजीपाल्याचे नियोजन दोन तारखांभोवती फिरते: वसंतातले शेवटचे दहिवर (पानांवर गोठून बसणारे दव) आणि शरदातले पहिले. या तारखा अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढलेल्या शक्यता असतात. पन्नास टक्के शक्यतेची तारीख उलटल्यावरही सरासरी दोनांपैकी एका वर्षी दहिवर पडतेच. तेथे टोमॅटोचे बी त्या तारखेच्या ६ ते ८ आठवडे आधी घरात रुजवतात.

विदर्भात दहिवर क्वचितच पडते, तरी मागे मोजण्याची ही रीत येथेही कामाची आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. असा आकडा जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरच्या तापमापकाचा असतो. निरभ्र आकाशाच्या, वारा पडलेल्या रात्री माती आणि पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात व हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होतात. म्हणून हवा ३-४ अंशांवर असतानाही पानांवर बर्फ धरू शकतो. थंड हवा जड असल्याने ती नाल्याकाठच्या खोलगट वावरात साचते, आणि त्याच गावातले बरडावरचे वावर त्या रात्री बचावते.

टोमॅटो, मिरची, वांगी गोठण्याची वाट पाहत नाहीत. रात्री १० अंशांखाली गेल्या की त्यांची फळधारणा बिघडते. पालक, गाजर, कोबी मात्र पेशींत साखर साठवतात, त्यामुळे त्यांचा गोठणबिंदू खाली जातो. जानेवारीतले गाजर गोड लागते, ते काही अंशी यामुळेच.

संध्याकाळी दिलेले पाणी उपयोगी पडते, कारण ओली माती दिवसाची उष्णता अधिक धरून ठेवते. पालापाचोळ्याचे आच्छादन मात्र ती उष्णता मातीतच अडवते आणि वरचे रोप उघड्यावर पडते. धुराचा उपाय गावोगाव सांगितला जातो, पण धुराचे बारीक कण जमिनीतून निघणारी अवरक्त, म्हणजे उष्णतेची न दिसणारी किरणे फारशी रोखत नाहीत. जो थोडा लाभ होतो तो जाळाच्या उष्णतेचा.

आपली खरी अडचण पुढे आहे. मिनेसोटात उशीर झाला तर शरदातले दहिवर गाठते, येथे मे महिन्याचे ४५ अंश गाठतात. भेंडीचे बी थंड मातीत नीट उगवत नाही, आणि मार्चअखेरपर्यंत थांबले तर भर फुलोऱ्यात कडक ऊन येते. म्हणून उन्हाळी भाजीची पेरणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आटोपणे बरे. नेमका दिवस मात्र जिल्ह्याच्या आकड्यापेक्षा आपल्याच वाफ्यात, रोपाच्या उंचीवर लावलेल्या तापमापकावरून ठरवावा.