बायकॅल्युटामाइड म्हणजे स्त्री-हार्मोनची गोळी नव्हे

प्रोस्टेटच्या कर्करोगावर दिली जाणारी बायकॅल्युटामाइडची गोळी म्हणजे स्त्रियांचे हार्मोनच होय, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. हे खरे नाही. मात्र ती घेणाऱ्या अनेकांची छाती सुजते व दुखते, त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे.

या गोळीत इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, नसते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन पेशीतील ज्या ग्राहीला (हार्मोन चिकटण्याच्या जागेला) चिकटून कर्करोगाच्या वाढीला चालना देते, ती जागा ही गोळी अडवून धरते. ती एकटीच दिल्यास रक्तातील टेस्टोस्टेरॉन घटत नाही, उलट बहुधा वाढते. त्याच्या काही भागाचे शरीर स्वतःच इस्ट्रोजेन बनवते (हे प्रत्येक पुरुषात घडतच असते), आणि त्याला आवर घालणारा टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवला गेल्याने छाती सुजते.

वेष्टनावरील सक्रिय घटक वाचला, तर तेथे ‘बायकॅल्युटामाइड ५० मिलिग्रॅम’ असे काही दिसेल, इस्ट्रोजेन नव्हे. सोबत टेस्टोस्टेरॉन कमी करणारे इंजेक्शन (ज्याला हार्मोनचे इंजेक्शन म्हणतात) चालू असल्यास टेस्टोस्टेरॉन घटते, ते त्या इंजेक्शनमुळे.

छातीच्या त्रासावर उपाय आहेत, म्हणून तो डॉक्टरांना संकोच न करता सांगावा. गोळी परस्पर बंद करू नये. यकृताची रक्ततपासणी मात्र वेळच्या वेळी करावी, कारण क्वचित यकृताला होणारी इजा हा या औषधाचा खरा गंभीर धोका आहे.