पंप कंट्रोलर बोर्डातील वॉचडॉग टायमर : पॅनेल उत्पादक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत आम्ही तयार करीत असलेले पंप कंट्रोलर बोर्ड मुख्यतः कृष्णाकाठच्या उपसा पंपांवर आणि मिरज-तासगाव भागातील विहिरींवर बसवले जातात. हे पंप वस्तीपासून दूर असतात, थ्री-फेज वीज पुष्कळदा रात्रीच मिळते, आणि अशा वेळी बोर्ड अडकला तर तो बंद करून पुन्हा चालू करायला तेथे कोणीही नसते. त्यातही मोटर चालू असताना प्रोग्राम अडकला, तर रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच) ओढलेलाच राहतो आणि ड्राय रनचे (पाण्याविना मोटर चालण्यापासूनचे) संरक्षण असून नसल्यासारखे होते. आमच्या बोर्डावर स्वतःचा प्रोग्राम चढवणाऱ्या ग्राहकांनी वॉचडॉग टायमर, म्हणजे अडकलेला प्रोग्राम आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय, वगळू नये असा आमचा आग्रह आहे, तो याचसाठी.

वॉचडॉग हा मायक्रोकंट्रोलरच्या (बोर्डावरील प्रोग्राम चालवणाऱ्या चिपच्या) आतलाच, मुदत मोजणारा एक भाग आहे. आमच्या बोर्डावरील एटीमेगा३२८पी या चिपमध्ये त्याला सुमारे १२८ किलोहर्ट्झचा स्वतंत्र ऑसिलेटर (मोजणीचे ठोके देणारा भाग) असल्याने मुख्य क्रिस्टल थांबला तरी त्याची मोजणी चालूच राहते. ठरवलेल्या मुदतीत प्रोग्रामने ही मोजणी शून्यावर आणली नाही, तर वॉचडॉग चिपला रिसेट करतो, म्हणजे प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो. ही मुदत साधारण १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत टप्प्याटप्प्याने निवडता येते.

मोजणी शून्यावर आणणारी ओळ प्रोग्राममध्ये कोठे लिहावी, हा खरा प्रश्न आहे. ती टायमर इंटरप्टमध्ये (ठरावीक वेळाने मुख्य काम थांबवून आपोआप चालणाऱ्या भागात) लिहिण्याचा मोह अनेकांना होतो, कारण मग अवेळी रिसेट होण्याची कटकट उरत नाही. परंतु मुख्य लूप (प्रोग्रामची सतत चालणारी फेरी) अडकून पडला तरी इंटरप्ट बिनबोभाट चालू राहू शकतो, आणि मग वॉचडॉग असून उपयोग शून्य. झोपलेल्या राखणदाराची हजेरी दुसऱ्यानेच लावावी, तसा हा प्रकार आहे. आमच्या मते ही ओळ संपूर्ण प्रोग्राममध्ये एकदाच, मुख्य लूपच्या शेवटी असावी, आणि फेजची तपासणी, करंटचे मापन व रिलेचा निर्णय ही तिन्ही कामे त्या फेरीत खरोखर पूर्ण झाल्याच्या खुणा पाहूनच ती चालावी.

मुदत ठरवताना लूपच्या सर्वांत लांब फेरीचा वेळ मोजून घ्यावा आणि त्यावर भरपूर सवलत ठेवावी, कारण हा ऑसिलेटर तापमान व व्होल्टेजप्रमाणे बदलतो. आमच्या प्रोग्रामसाठी आम्ही २ सेकंदांची मुदत ठेवतो. मोबाइलवरून पंप चालवण्यासाठी जीएसएम मॉड्यूल जोडणाऱ्यांनी मात्र विशेष काळजी घ्यावी. नेटवर्क शोधण्यास लागणारा वेळ ८ सेकंदांच्याही पुढे सहज जातो, तेव्हा उत्तराची वाट पाहत एका जागी थांबण्याऐवजी प्रत्येक फेरीत उत्तर आले का एवढेच पाहून पुढे जाणारा प्रोग्राम लिहावा.

रिसेटनंतरचे वर्तनही तितकेच महत्त्वाचे आहे. रिसेट होताच चिपचे सर्व पिन इनपुट होतात, तेव्हा रिले चुकून ओढू नये म्हणून तो चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला ग्राउंडकडे (शून्य व्होल्टकडे) ओढणारा रेझिस्टर आम्ही दिलेला आहे. हा रेझिस्टर कृपया काढू नये. शिवाय वॉचडॉगने केलेल्या रिसेटनंतर वॉचडॉग चालूच राहतो, तोही १६ मिलिसेकंदांच्या सर्वांत कमी मुदतीवर. प्रोग्रामच्या आरंभी रिसेटचे कारण नोंदवणारे एमसीयूएसआर रजिस्टर वाचून ठेवावे, त्यातील डब्ल्यूडीआरएफ ही वॉचडॉग रिसेटची खूण पुसावी आणि लगेच मुदत नव्याने लावावी, अन्यथा बोर्ड पुन्हापुन्हा रिसेट होत राहतो. वाचून ठेवलेल्या खुणेवरून रिसेट वॉचडॉगमुळे झाल्याचे दिसले, तर मोटर लगेच सुरू न करता काही मिनिटे थांबावे आणि रिसेटची संख्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) नोंदवावी.

ही संख्या वाढत असेल, तर दोष प्रोग्राममध्ये किंवा वायरिंगमध्ये शोधावा. कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा मोठा स्विच) सुटताना त्याच्या कॉइलमधून उठणारा व्होल्टेजचा झटका हे नेहमीचे कारण असते, आणि त्यावर कॉइलला समांतर आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) बसवणे हा उपाय आहे. व्होल्टेज घसरल्यामुळे होणाऱ्या गोंधळासाठी ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज फार घसरताच चिपला रिसेटमध्ये धरून ठेवणारा भाग) ४.३ व्होल्टवर लावलेला असतो. तो बंद करून सर्व भार वॉचडॉगवर टाकू नये.

पॅनेल ग्राहकाकडे पाठवण्यापूर्वी मोटरची जोडणी काढून, चाचणीपुरता प्रोग्राममध्ये मुद्दाम एक न संपणारा लूप घालावा आणि ठरलेल्या मुदतीत रिले सुटतो, नोंद एकने वाढते व थांबण्याचा काळ संपेपर्यंत रिले पुन्हा ओढत नाही, हे पाहून घ्यावे.