आग हातात देऊन धुराचे भाकीत: प्रमाण चाचण्यांची पार्श्वभूमी

आग आणि धुराच्या संगणकीय मॉडेल्सची पारख करताना सर्वांत जास्त वेळा गिरवले गेलेले उदाहरण अगदी साधे आहे. 2.8 मीटर लांब, तेवढीच रुंद आणि 2.18 मीटर उंच खोली, जमिनीवर मिथेनचा बर्नर आणि भिंतीत एक दार किंवा खिडकी. 1982 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या 55 प्रयोगांपैकी 62.9 किलोवॅट उष्णता देणाऱ्या आगीचे प्रयोग पुढे जगभर वापरले गेले. दाराच्या खालच्या भागातून आत येणारी थंड हवा आणि वरच्या भागातून बाहेर पडणारे गरम वायू यांचा वेग व तापमान त्यांत बारकाईने मोजलेले होते. मात्र बर्नरला गॅस किती सोडायचा हे प्रयोगकर्त्याने आधीच ठरवलेले असल्यामुळे, आग किती आणि कशी वाढेल हा प्रश्न या उदाहरणात कधी उद्भवतच नव्हता. पुढच्या बहुतेक वादांचे मूळ मला इथेच दिसते.

या विषयाला निकड आली ती अणुवीज केंद्रांमुळे. 22 मार्च 1975 रोजी अलाबामातील एका केंद्रात, केबलींसाठी भिंतीत ठेवलेल्या भोकांतून हवा झिरपते का हे पाहण्यासाठी कामगार पेटती मेणबत्ती तिथे धरत होते. ज्योत आत ओढली गेली, भोक बुजवायला वापरलेला फोम पेटला आणि 1600 हून अधिक केबलींचे नुकसान झाले. अशी आग आधी गणिताने ओळखता येईल का, या प्रश्नाचा पाठपुरावा करण्यासाठी 1999 मध्ये अनेक देशांचा एक संयुक्त प्रकल्प सुरू झाला आणि त्यात एकामागून एक पाच सामाईक उदाहरणे सोडवली गेली. पहिल्या उदाहरणाला प्रत्यक्ष प्रयोगाचा आधार नव्हता; तिथे मॉडेलची तुलना मॉडेलशीच झाली. दुसऱ्यात फिनलंडमधील 19 मीटर उंच सभागृहात पेटवलेल्या हेप्टेनच्या (एका द्रव इंधनाच्या) पसरट भांड्यांतील तळ्यांची मोजमापे होती. या वाटेने 2007 मध्ये पाच मॉडेल्सचा सविस्तर मूल्यमापन अहवाल आला. त्यात मॉडेल किती भरवशाचे याचे निष्कर्ष हिरव्या (भरवशाचे) आणि पिवळ्या (जपून वापरावे) रंगांत दिले होते. 2016 च्या पुरवणीत त्या रंगांची जागा कल (उत्तर सरासरीने किती जास्त किंवा कमी येते) आणि विखुरणी (उत्तरे किती पसरतात) दाखवणाऱ्या आकड्यांनी घेतली, आणि हा बदल योग्यच होता. मात्र दोन्ही वेळा आगीतून दर क्षणाला किती उष्णता बाहेर पडते हे मॉडेलला आधीच सांगितलेले होते.

खरा गुंता ‘ब्लाइंड’ या शब्दाचा आहे. 1990 पासून प्रचारात असलेली मूल्यमापनाची मानक मार्गदर्शिका गणनेचे तीन प्रकार मानते. ब्लाइंड गणनेत प्रसंगाचे फक्त ढोबळ वर्णन मिळते आणि भिंतींच्या साहित्यापासून आगीच्या वाढीपर्यंत सारे काही गणना करणाऱ्यानेच ठरवायचे असते. नेमून दिलेल्या गणनेत मॉडेलमध्ये भरायची सर्व माहिती, आगीसकट, तयार मिळते. लपवलेला असतो तो फक्त निकाल. खुल्या गणनेत निकालही समोर असतो. बोलण्याच्या ओघात मात्र निकाल लपवला की कोणत्याही गणनेला ‘ब्लाइंड’ म्हणण्याची सवय पडली, त्यामुळे पहिला आणि दुसरा प्रकार एकाच नावाखाली वावरू लागले. हा फरक केवळ शब्दांचा नाही. दुसऱ्या प्रकारात उत्तम ठरलेले मॉडेल धूर कुठे जाईल हे सांगू शकते. सोफा पेटल्यावर पडदा कधी पेटेल हे त्यावरून कळत नाही.

ग्लासगोच्या डालमार्नॉक भागातील 23 मजली इमारतीत जुलै 2006 मध्ये झालेल्या प्रयोगाने हा फरक उघडा पाडला. दोन शयनकक्षांच्या सदनिकेत नेहमीच्या घरासारखे सामान मांडले होते. सोफ्याशेजारच्या कागदाने भरलेल्या कचरापेटीला आग लावली आणि साधारण पाच मिनिटांत बैठकीची खोली सर्व बाजूंनी पेटली. सात गटांना एकच तपशीलवार वर्णन देऊन, प्रयोगाचा निकाल उघड होण्यापूर्वीच भाकिते मागवली होती. सदनिकेतील आग प्रत्यक्षात कशी वाढली याचा आलेख कोणालाही दिलेला नव्हता. हाती आलेल्या दहा गणनांपैकी आठ एकाच प्रचलित मॉडेलने केलेल्या होत्या, तरीही त्या एकमेकींपासून आणि प्रत्यक्ष मोजमापांपासून फार लांब पडल्या. सर्वांत वाईट स्थिती आगीच्या वाढीच्या भाकिताची होती.

यावर दोन प्रकारची मते पुढे आली. एका बाजूचे म्हणणे होते की ही परीक्षा मॉडेलची नसून ते वापरणाऱ्यांची झाली, कारण एकाच मॉडेलने आठ वेगळी उत्तरे दिली यात दोष मॉडेलचा कसा? दुसऱ्या बाजूचे उत्तर होते की इमारतीचा आराखडा तपासताना मॉडेल एकटे काम करत नाही. गणनेसाठी खोली ज्या छोट्या चौकटींत विभागतात त्या जाळीचा आकार, साहित्याचे गुणधर्म आणि आग कशी मांडायची हे निवडणारा माणूस त्या उत्तराचाच भाग असतो. मला दुसरे म्हणणे जास्त पटते. मानक मार्गदर्शिकेनेही ब्लाइंड गणनेचा एक हेतू म्हणून वापरणाऱ्याची क्षमता तपासणे हेच सांगितले आहे. निकाल कळल्यानंतर त्याच प्रयोगाच्या केलेल्या गणना मोजमापांच्या बऱ्याच जवळ गेल्या. त्या उपयुक्त आहेत, पण त्यांना भाकीत म्हणता येत नाही.

त्याच सुमारास फ्रान्समधील कादाराश येथे यांत्रिक वायुवीजन असलेल्या बंद खोल्यांमध्ये आगीच्या प्रयोगांची मोठी मालिका सुरू झाली. तिथे प्राणवायू कमी पडला की इंधन जळण्याचा वेगही बदलतो, त्यामुळे उघड्यावर मोजलेली आग मॉडेलच्या हाती देऊन भागत नाही.

2017 मध्ये स्वीडनमधील लुंड येथे भरलेल्या कार्यशाळेपासून जो नवा उपक्रम चालू आहे, त्याने उलट दिशा धरली: घराकडून पुन्हा मूलभूत ज्योतीकडे. त्यातील उदाहरणांत एक मीटर व्यासाच्या तोंडातून वर जाणारा, न जळणारा हेलियमचा झोत आहे आणि मिथेनॉलचे 30 सेंटीमीटरचे तळेही आहे. पुढच्या टप्प्यात ज्योत सोडून घन पदार्थाकडे लक्ष वळले. एकाच उत्पादन-तुकडीतील काळ्या ॲक्रिलिकचे नमुने वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवले गेले आणि तो पदार्थ तापल्यावर कसा विघटित होतो हे प्रत्येकीने आपापल्या उपकरणांवर मोजले. मॉडेलला आग हातात न देता ती वाढवायला सांगायचे, तर आधी हे आकडे जुळावे लागतात.