मोठा पायथन, बेताचं बजेट

परदेशी पायथन, म्हणजे अजगराच्या कुळातला साप, पाळायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘केवढ्याला मिळेल?’ पण हा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा मामला आहे. सापाचे पैसे एकदाच मोजायचे असतात. पेटी, ऊब, उंदीर आणि पशुवैद्य यांचा खर्च पुढची वीस-तीस वर्षं चालतो आणि तो किती होणार, हे पूर्ण वाढलेल्या सापाच्या आकारावर ठरतं. आयुष्याचा अंदाज हवा असेल तर अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातली बॉल पायथन मादी पाहा. 2020 मध्ये तिने 7 अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे होतं.

स्वस्तातला सौदा बहुतेक वेळा कायद्यातच अडकतो. उसाच्या फडात निघणारा आपला अजगर, पिवळाधमक ‘अल्बिनो’ म्हणून मिरवला जाणारा बर्मीज पायथन आणि रेटिक्युलेटेड पायथन हे तिन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘कागदपत्रं नंतर देतो’ म्हणत कोणी बर्मीजचं पिल्लू कमी भावात देऊ लागला, तर तो सौदा 3 ते 7 वर्षांच्या कैदेचा ठरू शकतो. शेतात अजगर दिसला तर वन विभागाला 1926 वर कळवावं, पोत्यात भरून घरी आणू नये.

बाकीचे पायथन ‘साइट्स’ (CITES) या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्टांत असल्यामुळे त्यांची नोंदणी लागते. 2024 च्या नियमांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश 2.0 पोर्टलवर अर्ज करायचा असतो. विकणाऱ्याचीच नोंदणी नसेल, तर तो साप कितीही देखणा असो, तिथून परत फिरावं.

मग उरतं काय? बॉल पायथन चार-पाच फुटांचा, दीड-दोन किलोचा आणि शांत स्वभावाचा. कार्पेट पायथन सहा ते आठ फुटांचा आणि सडपातळ. त्याला चढायला आवडतं, पिल्लू असताना तो चावरा असतो आणि मोठेपणी बहुधा निवळतो. ब्लड पायथन लांबीला बेताचा पण मांडीएवढा जाड होतो. त्याला सतत दमट हवा लागते, त्यामुळे पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तो सांभाळणं जिकिरीचं आहे. ‘मोठा साप’ हवाच असेल आणि पैसे मोजके असतील, तर आमची पसंती कार्पेट पायथनच्या नराला. तो मादीपेक्षा सहसा लहान राहतो, मोठ्या सापाचा रुबाब त्याच्यात असतो आणि पेटी दोन प्लायमध्ये बसते.

पेटीचा हिशेब असा. बॉल पायथनला 4×2×2 फुटांची पेटी पुरते. वर, खाली आणि मागे 4×2 चे तीन तुकडे आणि बाजूंना 2×2 चे दोन, म्हणजे 32 चौरस फूट, बरोबर एक 8×4 चा प्लाय. कार्पेटसाठी 6×2×3 ची पेटी करा. एका प्लायमधून 6×3 ची पाठ आणि एक बाजू, दुसऱ्यातून तळ, छत आणि दुसरी बाजू निघते. प्लाय पाण्याला टिकणारा, बीडब्ल्यूपी दर्जाचा घ्यावा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये हे तुकडे करवतीवर कापून मिळतात. पुढे सरकती काच आणि तिला शोकेसचं कुलूप हवंच, कारण पायथन नाकाने ढकलून काच सरकवतो. आतले सांधे सिलिकॉनने बुजवून वास पूर्ण जाईपर्यंत पेटी आठवडाभर उघडी ठेवावी. झरोके दोन ठेवावेत, थंड टोकाला खाली आणि गरम टोकाला वर, म्हणजे हवा आपोआप फिरते.

उबेच्या बाबतीत मात्र काटकसर नको. साप स्वतःची उष्णता जवळजवळ तयार करत नाही, पण भक्ष्य गिळल्यावर त्याचं शरीर अफाट काम करतं. बर्मीज पायथनवरच्या 2005 च्या संशोधनात खाल्ल्यानंतर 48 तासांत हृदयाचं वजन सुमारे 40 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. आतडीही फुगतात. या सगळ्याला बाहेरून ऊब लागते. ती मिळाली नाही तर पोटातला उंदीर पचण्याआधी सडू लागतो आणि साप तो उलटून टाकतो. तसं झालं तर दोन आठवडे काही देऊ नये, पुढचं भक्ष्य निम्म्या आकाराचं द्यावं.

म्हणून पेटीचं एक टोक 31-32 अंश आणि दुसरं 25-27 अंश हवं. 100 वॉटचा सिरॅमिक हीट एमिटर (उजेड न देता फक्त ऊब देणारा दिवा), चिनी मातीचा होल्डर (बॅकेलाइटचा उष्णतेने करपून तडकतो), भोवती तारेची जाळी आणि थर्मोस्टॅट एवढं पुरतं. तपकीर गल्लीत मिळणारा साधा डिजिटल थर्मोस्टॅट चालतो, फक्त त्याचा सेन्सर गरम टोकाला, साप बसतो त्या उंचीवर क्लिपने पक्का करावा. सेन्सर सुटून पाण्याच्या भांड्यात पडला, तर यंत्राला वाटतं पेटी गार आहे आणि हीटर अखंड चालू राहतो. पायथन भाजेपर्यंत तापलेल्या जागेवरून हलत नाहीत, पोटाची कातडी जळल्यावरच ते लक्षात येतं. जाळी त्यासाठीच. हीटर सरासरी निम्मा वेळ चालला तर महिन्याला साधारण 36 युनिट होतात. वीजबिलाचा स्लॅब ओलांडतोय का, ते आधी बघून ठेवावं.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीची पहाट 10 अंशांपर्यंत उतरते, तेव्हा हीटर दमतो. उन्हाळ्यात उलट अडचण होते. वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली 36-37 अंशांवर गेली की पेटीत थंड टोक उरतच नाही. पेटी खालच्या पातळीवर, आतल्या भिंतीला लावावी आणि दुपारी थंड टोकाच्या छतावर बर्फाच्या बाटल्या ठेवाव्यात. कोरडेपणावर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हा स्वस्त उपाय आहे. 5 किलोची वीट भिजवली की 4×2 फुटांत तीन इंचांचा थर सहज होतो. पावसाळ्यात मात्र तेच ओलं ठेवलं तर पोटाचे खवले कुजतात.

साप निवडताना वर्षभराचा, स्वतःहून खाणारा घ्यावा आणि खाताना पाहूनच घ्यावा. पांढऱ्या टिश्यूवर ठेवल्यावर मिरपुडीसारखे ठिपके हलताना दिसले तर ते माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक परजीवी असतात. श्वासाला शिट्टी किंवा नाकाशी बुडबुडे आले तर फुप्फुसाचा संसर्ग समजावा. बॉल पायथनमध्ये ‘स्पायडर’ नक्षी स्वस्त दिसली तरी टाळावी, कारण त्या नक्षीच्या जनुकासोबत डोकं डुलण्याचा मज्जादोष येतो.

पूर्ण वाढलेल्या कार्पेटला तीन आठवड्यांनी त्याच्या सर्वांत जाड भागाएवढा एक उंदीर पुरतो. गोठवलेला असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये वितळवून मग कोमट पाण्यात 38 अंशांपर्यंत आणावा, कारण पायथनच्या ओठांवरच्या खाचा उष्णता हेरतात आणि गार उंदीर त्याला अन्न वाटतच नाही. मायक्रोवेव्हमध्ये उंदीर फुटतो. जिवंत उंदीर सापालाच कुरतडू शकतो.

राहिला प्रश्न पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी बंद होणाऱ्या विजेचा. लाइन सकाळपासून बंद राहणार असेल, तर आदल्या दोन दिवसांत सापाला खायला घालू नये. थंडीत गरम पाण्याच्या दोन बाटल्या कापडात गुंडाळून गरम टोकाला ठेवाव्यात आणि पेटीवर चादर टाकावी, मात्र झरोके मोकळे ठेवून.