महूची छोटी लाइन आणि फौजेचं गेज

महू–खंडवा मार्गाच्या रुंदीकरणाची बातमी आली की इंदूरमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. महूसारखी मोठी लष्करी छावणी शेजारी असताना इथे छोटी लाइन, म्हणजे अरुंद रुळांचं मीटरगेज, टाकलीच कोणी, आणि फौजेने ती चालवून कशी घेतली?

छावणी रेल्वेच्या खूप आधीची, १८१८ च्या मंदसोर तहानंतर वसलेली. १ जुलै १८५७ ला इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्यावर, हल्ला झाला आणि महूच्या पलटणीही उठल्या. पुढच्या जानेवारीत महूहून निघालेली इंग्रज फौज झाशी, काल्पी करत ग्वाल्हेरला पोचेपर्यंत जून उजाडला. माळव्यात रूळ हवेत, हे त्यानंतर कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. १८७० च्या सुमारास होळकर दरबाराने साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर १ कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि खंडवा–इंदूर मार्ग ठरला.

खरा वाद पुढे, गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा. तोवर देशातले मुख्य मार्ग ५ फूट ६ इंचांचे, म्हणजे ब्रॉडगेजचे होते. ते महाग पडत होते, आणि नव्या सरकारी मार्गांसाठी खजिन्याला स्वस्त रूळ हवे होते. किती अरुंद चालतील हे ठरवायला नेमलेल्या चौघांत एकमत झालं नाही. तिघे म्हणाले २ फूट ९ इंच, एकजण ३ फूट ६ इंचांवर अडून बसला. सरकारने मधला आकडा उचलला आणि देशात दशमान मापं येणारच या भरवशावर तो बरोबर एक मीटर केला. मापं यायला पुढे ऐंशीहून जास्त वर्षं लागली, गेज मात्र लगेच आलं.

फौजेचा विरोध पहिल्या दिवसापासून होता, आणि तो रास्तच होता. गेज बदललं की तोफा, घोडे, दारूगोळा, दाणावैरण सगळं एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचं. शिवाय एका भागातली इंजिनं-डबे अडचणीच्या वेळी दुसऱ्या भागात धाडता येत नाहीत. पंजाब आणि सिंधमध्ये हा मुद्दा चालला. तिथे मीटरगेजवर काम सुरू झालेलं असतानाही १८७० च्या दशकातच निर्णय फिरवून ब्रॉडगेज केलं. त्याचा उपयोग लवकरच दिसला. दुसऱ्या अफगाण युद्धात रुक ते सिबी हे १३३ मैल १०१ दिवसांत टाकले, तेही मोठ्या गेजचे, आणि १८८३ ला सिंधू नदीवरचा अटकेचा पूल झाल्यावर पेशावरपर्यंत गाडी सलग गेली.

माळव्यासाठी असं कुणी भांडलं नाही. सरहद्द दूर, संस्थानं शांत. इथली रेल्वे पलटणींच्या बदल्या आणि रसद यापुरती धरलेली. पैसा होळकरांचा आणि गेज कलकत्त्याच्या इंग्रज सरकारचं, असा हा सौदा होता. मुंबईहून महूला येणाऱ्या शिपायाने खंडव्याला मोठी गाडी सोडायची, नर्मदा ओलांडायची, आणि कालाकुंड ते पातालपाणी चाळिसास एक चढाचा घाट मागून ढकलणाऱ्या इंजिनाच्या जोरावर चढायचा. काटकसरीची बाजू मांडणारे म्हणतात की ब्रॉडगेजचा हट्ट धरला असता तर हा मार्ग वीसेक वर्षं लांबला असता. असेलही. पण कर्जाची रक्कम पाहता तेवढी घाई दरबाराला होती की खजिन्याला, हे विचारायला हवं.

गंमत पुढच्या शतकात झाली. ज्या गेजला फौजेने नाकं मुरडली, तेच तिच्या कामी आलं. पहिल्या महायुद्धात बसऱ्याहून बगदादकडे मीटरगेज टाकलं गेलं, कारण रूळ, इंजिनं, डबे हिंदुस्थानातून तयार मिळत होते. दुसऱ्या महायुद्धात त्याच इराकी रुळांसाठी पुन्हा इथूनच सामान गेलं आणि इकडच्या अनेक शाखा उखडल्या गेल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीचा मोठा भार आसामच्या मीटरगेजवर होता. पार्बतीपूरला गेज बदल, वर अमीनगाव–पांडूला ब्रह्मपुत्रा नावेने ओलांडायची. माल तुंबू लागला तेव्हा मार्च १९४४ मध्ये कटिहार ते लेडो हा पट्टा अमेरिकन लष्करी रेल्वे तुकड्यांच्या हाती देण्यात आला.

स्वातंत्र्यानंतरही हेच. सप्टेंबर १९६५ मध्ये बाडमेरच्या गडरा रोडकडे रसद नेताना विमानहल्ल्यात रेल्वेचे १७ कर्मचारी मारले गेले, तीही छोटीच लाइन. १९७१ मध्ये त्रिपुरात जमवाजमव करताना रूळ धर्मनगरला संपत होते; तिथून आगरतळ्यापर्यंत सगळं ट्रकांनी. या दोन्ही ठिकाणी गाडी चालवणारे आणि माल उतरवणारे गणवेशातले नव्हते, आणि युद्धाच्या इतिहासात त्यांना एखादं वाक्य मिळालं तरी पुष्कळ.

१९९२ पासून देशभर एकच गेज करण्याचं धोरण आलं. गेल्या दशकात इंदूर–महू ब्रॉडगेज झालं, त्यामुळे उत्तरेकडून येणाऱ्या गाडीला आता छावणीपर्यंत अडसर नाही. दक्षिणेकडे २०२३ मध्ये महू–ओंकारेश्वर रोड मीटरगेज बंद झालं आणि जुना चढ टाळणाऱ्या नव्या आखणीचं, बोगद्यांचं काम हाती घेतलं गेलं. ते पुरं झालं की मुंबईहून निघालेली फौजेची गाडी खंडव्याला न बदलता महूला लागेल. पातालपाणी–कालाकुंडचा जुना तुकडा तेवढा पर्यटकांच्या गाडीसाठी राखला आहे.