ताबा सांकेतिक की प्रत्यक्ष? घर घेण्याआधी नोटीस नीट वाचा

पेपरात बँकेची ‘ताबा सूचना’ आली की घर बँकेच्या हातात गेलं, असंच लोक धरून चालतात. बऱ्याचदा तसं नसतं. फोंड्यातल्या एखाद्या फ्लॅटच्या दारावर नोटीस डकवलेली असते आणि आत हुमण शिजत असतं. हा सांकेतिक ताबा: हक्क बँकेने बजावला, राहतो मात्र कर्जदारच. प्रत्यक्ष ताब्यात माणसं बाहेर आणि कुलूप बँकेचं.

दोन्ही ताबे 2002 च्या सरफेसी कायद्याखालचे, म्हणजे कर्ज थकलं की कोर्टात न जाता तारण वसूल करायची मुभा बँकेला देणारा कायदा. हप्ते 90 दिवसांहून जास्त थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं, मग थकबाकी भरा म्हणणारी 60 दिवसांची मागणी नोटीस, त्यानंतर ताबा. सांकेतिक ताब्यासाठी नोटीस बजावून दारावर लावली, दोन वर्तमानपत्रांत छापली की झालं. प्रत्यक्ष ताब्याला घरातले हटले नाहीत, तर बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. आदेशाला कायद्यात 30 दिवस, फार तर 60 दिले आहेत. पण उशीर होऊ शकतो, म्हणून त्या भरवशावर घर घेणाऱ्याने आपलं भाड्याचं घर सोडू नये.

विकायच्या बाबतीत मालकाचे हात ताब्याच्याही आधी, मागणी नोटिशीलाच बांधले जातात. पुढे बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. त्यामुळे ‘मी अजून इथंच राहतोय, विकायला कोण अडवणार?’ म्हणणाऱ्याला बयाणा देऊ नका. संमती मिळाली तर पैसे थेट कर्जखात्यात भरा. गोव्याच्या नागरी कायद्यामुळे विवाहित मालकाच्या खरेदीखतावर सहसा नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. बँकेचं पत्र त्यांची जागा घेत नाही. थकबाकी फेडून घर सोडवायची मुभाही 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर सूचना निघेपर्यंतच.

लिलावात घेणाऱ्याला खरा फरक इथे कळतो. बोली लागली की 25 टक्के त्याच दिवशी किंवा फार तर कामाच्या दुसऱ्या दिवशी, बाकीचे सहसा 15 दिवसांत. घर ‘जसं आहे, जिथं आहे’. ताबा सांकेतिक असेल, तर पैसे गेले, विक्री प्रमाणपत्र आलं, पण किल्ली नाही, असं होऊ शकतं. असं घर स्वस्त दिसतं ते उगाच नाही.

जाहिरातीत ताब्याचा प्रकार शोधा आणि घर स्वतः जाऊन बघा. भाडेकरू आहे का, गावातलं जुनं घर असेल तर मुंडकार (जमीनमालकाच्या संमतीने तिथं राहणारा, कायद्याचं संरक्षण असलेला) आहे का, सोसायटीची थकबाकी किती, हे शेजारी बँकेपेक्षा लवकर सांगतात.